कोणत्या दिवशी सगळ्यात जास्त डुकरं होती?

२०२०च्या जूनमधली सकाळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप, त्याच्या शेजारी स्पीकरवर ठेवलेला फोन आणि समोर सासरे, कॉफीचा मग हातात धरून. फोनवर कोरोनाच्या सरकारी मदतीचा अर्ज घेणाऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "१६ एप्रिल ते १४ मे या दिवसांत तुमच्याकडे सगळ्यात जास्त डुकरं कोणत्या दिवशी होती?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. मग शर्टाच्या खिशातून बियाण्याच्या कंपनीने फुकट वाटलेली छोटी वही काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि म्हणाले, "आठ मे. एक हजार एकशे चाळीस."

त्या दिवशीचा आकडा त्यांना वही न बघताही पाठ होता, हे मला नक्की माहीत आहे.

मागचं थोडं सांगते. मी तासगाव तालुक्यातल्या द्राक्षवाल्याची मुलगी. राहुरीहून बी.एस्सी. ॲग्री केलं, एम.एस.साठी आयोवातल्या एम्सला आले, तिथेच वर्गात नवरा भेटला आणि मी आयोवाचीच झाले. डिमॉइन शहरापासून ईशान्येला तासाभरावर आमचं शेत. ४०० एकर, त्यातलं निम्मं खंडाने. तासगावात ४०० एकर म्हटलं की लोक डोळे विस्फारतात, इथे ती काही फार मोठी शेती नाही. मका आणि सोयाबीन आलटून पालटून, आणि डुकरं. आई अजूनही पाहुण्यांना "त्यांची मक्याची शेती आहे" एवढंच सांगते. मक्याचं पुढे काय होतं ते कोणी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

शेती सासरे आणि नवरा यांच्या भागीदारीत. कागदपत्रं माझ्याकडे, कारण लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी चुकून म्हणाले होते की मला एक्सेल बरं येतं.

आमचं चक्र साधं आहे. दूध तोडलेली पिल्लं बाहेरून विकत घ्यायची, करार आधीच झालेला असतो, ठरल्या दिवशी ट्रक येतो. पाच-साडेपाच महिने खाऊ घालायचं. वजन २८० पौंडांच्या आसपास गेलं की कत्तलखान्याकडे रवाना. एक तुकडी बाहेर गेली की शेड धुवायची, पुढची आत. या चक्रात कुठेही थांबायची सोय नाही, कारण डुक्कर रोज दोन पौंड वाढतं आणि ते कोरोनासाठी थांबत नाही.

एप्रिलमध्ये मांसाचे कारखाने एकामागून एक बंद पडू लागले. आत माणसं खांद्याला खांदा लावून काम करतात, आजार पसरायला वेळ लागला नाही. दक्षिण डकोटातल्या सू फॉल्सचा कारखाना एप्रिलच्या मध्याला बंद झाला, देशातल्या डुकराच्या मांसापैकी चार-पाच टक्के एकट्या तिथून येतं. मग आयोवातले, मिनेसोटातले. एप्रिल संपता संपता देशाची कत्तल करायची क्षमता चाळीसेक टक्क्यांनी घटली होती. आमची डुकरं जायची तिथून फोन आला: या आठवड्याची गाडी रद्द. पुढच्या आठवड्याचं कळवू. पुढच्या आठवड्यात तेच.

आणि पिल्लांचा ट्रक मात्र वेळेवर आला.

एरवी आमच्याकडे ९०० डुकरं असतात. मोठी बाहेर पडेनात, लहान आत आली. ट्रॅक्टर आणि नांगर ठेवायची शेड रिकामी केली, खाली पेंढा अंथरला आणि शंभरेक पिल्लं तिथे घातली. मोठ्यांचा खुराक बदलला, प्रथिनं कमी आणि कोंडा जास्त, म्हणजे वाढ मंदावावी. शेडमधलं तापमान मुद्दाम थोडं चढं ठेवलं, म्हणजे भूक कमी लागते. हे आमच्याच विद्यापीठाने सुचवलं होतं. मी एम्सला जनावरं जलद कशी वाढवायची ते शिकले होते, आता त्यांना हळू वाढवायचं होतं. नवऱ्याने गावातल्या छोट्या खाटिकखान्यांना फोन केले, इथे त्यांना लॉकर म्हणतात. सगळ्यांचे नंबर महिनोन् महिने भरलेले. काहींनी तर पुढच्या वर्षीची तारीख दिली. शहरातली काही कुटुंबं स्वतः येऊन एकेक डुक्कर घेऊन गेली. एका व्हिएतनामी कुटुंबाने दोन नेली आणि जाताना मला घरची आंब्याची फोड दिली. त्या वसंतातली ती एकच गोष्ट मला गोड आठवते.

आजूबाजूच्या काहींनी डुकरं मारून पुरली. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण सासरे रात्री जेवून उठले की शेडच्या दारात जाऊन नुसते उभे राहायचे. त्यांनी १९९८चा डिसेंबर बघितलाय. तेव्हा डुकराचा भाव पौंडाला आठ-दहा सेंटांवर आला होता. "तेव्हा भाव नव्हता, पण घेणारा होता," ते म्हणाले. "या वेळी घेणाराच नाही."

तर अशा वेळी सरकारची मदत आली. नाव लांबलचक, कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम, पण सगळे सीफॅपच म्हणत. एप्रिलमध्ये १९ अब्ज डॉलरची घोषणा झाली, त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना आणि बाकीच्यांतून दूध, भाजी, मांस विकत घेऊन गरजूंना खोके. अर्ज २६ मेपासून.

अर्ज घेणार कृषी खात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी, म्हणजे एफएसए. तिचं कार्यालय काउंटीच्या, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या भागाच्या, मुख्य गावात असतं. आपल्याकडे तलाठी, कृषी सहायक आणि सोसायटीचा सचिव हे तिघं एका छपराखाली बसवले तर जे होईल ते हे कार्यालय. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक तुकड्याचा हवाई फोटो, दर वर्षी १५ जुलैच्या आत कुठे काय पेरलं ते तिथे जाऊन सांगायचं. आपली पीकपाहणी, पण पाहायला कोणी येत नाही, आपण जायचं. वर देखरेखीला शेतकऱ्यांनीच मतं देऊन निवडलेली कमिटी. सासरे एकदा त्या कमिटीवर होते आणि अजून त्याचा विषय काढला की मान जराशी ताठ होते.

पण २०२०च्या उन्हाळ्यात कार्यालयाला कुलूप. दारावर चिकटवलेल्या कागदावर फोन नंबर आणि बाहेर कागद टाकायला पेटी. आत माणसं आहेत हे खिडकीतून दिसायचं. म्हातारे शेतकरी पिकअपच्या बॉनेटवर कागद पसरून फोनवर बोलत असायचे, आतल्या बाईशी, पंधरा फुटांवरून.

आमची वेळ फोनवरची होती. त्याआधी कृषी खात्याने एक एक्सेल काढली होती, तीत आकडे भरले की अर्ज, एडी-३११४, आपोआप तयार व्हायचा. मला वाटलं, आता आपलं राज्य आलं. रात्री बसून भरलं. एकूण रक्कम बघितली आणि नवऱ्याला उठवलं.

हिशेब असा होता. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या डुकरांवर एक दर, आणि मग १६ एप्रिल ते १४ मे यांतल्या सगळ्यात भरलेल्या दिवशी जितकी असतील त्यांवर नगाला १७ डॉलर. जानेवारी आणि एप्रिल या तारखा कुठून आल्या? तर जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाचा भाव पाच टक्के किंवा जास्त पडला, त्यालाच मदत. म्हणून सगळी मोजणी त्या दोन खुंट्यांना बांधलेली.

आम्ही त्या तीन महिन्यांत ४८० डुकरं विकली होती. मी ती "पिग्ज"च्या ओळीत भरली, नगाला २८ डॉलर. दुसऱ्या दिवशी फोनवरच्या बाईंनी आकडे वाचून घेतले आणि क्षणभर गप्प झाल्या.

"ही ४८० कत्तलखान्याला गेली ना?"

"हो."

"वजन?"

"२८० पौंड."

"हनी, मग ती पिग्ज नाहीत. हॉग्ज आहेत."

एकशे वीस पौंडांखाली पिग, त्यावर हॉग. पिगला २८, हॉगला १८. मराठीत दोन्ही डुकरंच. या एका शब्दाने आमचे ४,८०० डॉलर गेले. खरं तर आमचे नव्हतेच, पण रात्रभर होते. सासरे इतके हसले की त्यांनी कॉफी सांडली. गावात ती गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना आकडा दर वर्षी वाढतो.

मग मका. इथे हसू ओसरलं. मक्याला मदत मिळणार होती २०१९च्या उत्पादनाच्या निम्म्यावर, किंवा १५ जानेवारीला भाव न ठरलेला जितका मका हातात असेल त्यावर, दोन्हींत जे कमी असेल त्यावर. "भाव न ठरलेला" हे शब्द नीट वाचा. आमचं उत्पादन ४४,००० बुशेल, निम्मे २२,०००. (बुशेल म्हणजे मक्याचे ५६ पौंड, साधारण पंचवीस किलो.) १५ जानेवारीला बिनमध्ये, म्हणजे आपल्या पत्र्याच्या अवाढव्य कणग्यांमध्ये, २६,००० बुशेल पडून होते. पण त्यातल्या १२,००० चा भाव सासऱ्यांनी डिसेंबरातच बांधून टाकला होता, माल मार्चमध्ये द्यायच्या बोलीने. राहिले १४,०००. निम्म्याला ३२ सेंट, निम्म्याला ३५ सेंट. ४,६९० डॉलर. सोयाबीन काढणीलाच सगळं विकलेलं, त्याचं शून्य.

म्हणजे ज्याने शहाणपणाने वेळेत विकलं त्याला कमी, आणि जो भाव वाढेल म्हणून बसून राहिला त्याला जास्त. मी चिडले. सासरे म्हणाले, "त्या बारा हजारांचे पैसे मला मिळालेत की. परत कशाला मागू?" आता यावर काय बोलणार. ते खरंही होतं. पण मनात मी तो हिशेब अजून पुन्हा पुन्हा मांडते, हे कबूल करते.

डुकरांचे २८,०२०, मक्याचे ४,६९०. एकूण ३२,७१०. पैकी ८० टक्के आता, बाकीचे निधी उरला तर. एडी-३११४ च्या शेपटीला आणखी कागद होते: दोन्ही भागीदारांच्या उत्पन्नाचा दाखला सीसीसी-९४१ (सरासरी नऊ लाख डॉलरच्या वर कमाई असेल तर साधारणपणे मदत नाही, आम्हाला त्याची भीती नव्हती), पाणथळ जमीन मोडून पेरली नाही याची हमी, शेतीत कोणाची किती जमीन, पैसा आणि मेहनत आहे याचा तक्ता. यातले बरेच आधीच दाखल होते, कारण चीनशी व्यापारयुद्ध झालं तेव्हा २०१८ आणि २०१९ लाही अशीच मदत आली होती. डुकरांच्या संख्येचा पुरावा मात्र कोणी मागितला नाही. आपण सांगायचं, खाली सही करायची, पुरावा जपून ठेवायचा. मला हे फार विचित्र वाटलं. मी सातबाऱ्याच्या मुलुखातली.

जूनच्या शेवटी खात्यात २६,१६८ डॉलर आले. दोन दिवसांनी त्यातला बराचसा भाग खुराक पुरवणाऱ्या फीडमिलच्या उधारीत गेला, कारण हळू वाढणारं डुक्करही खातंच.

आमच्या रस्त्याच्या पलीकडचा शेजारी. त्याच्या दोन मोठ्या शेड, दोन्हींत मिळून पाच हजारांच्या आसपास डुकरं. त्याला पहिल्या फेरीत काहीच मिळालं नाही. कारण शेड त्याची, वीज त्याची, कर्ज त्याचं, पहाटे उठून मेलेली बाहेर काढणं त्याचं, पण डुकरं एका कंपनीची. तो करारावर पाळतो. मदत मालकाला. त्याच्या शेड त्या उन्हाळ्यात कधी ठासून भरलेल्या तर कधी कित्येक आठवडे रिकाम्या राहिल्या, आणि रिकाम्या शेडचं भाडं त्याच्या करारात नव्हतं. करारवाल्यांसाठी डिसेंबर २०२०च्या कायद्यात तरतूद झाली, उत्पन्न किती घटलं ते दाखवून त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. त्याचा अर्ज पुढच्या वर्षी भरला गेला, याच टेबलावर. हॉग आणि पिगची चूक मी पुन्हा केली नाही.

आता तासगावचं. त्याच एप्रिलमध्ये आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, द्राक्षं वेलीवर होती. टाळेबंदी, व्यापारी फिरकेना, माल मुंबईला जाईना. गावातल्या बहुतेकांनी केलं तेच आबांनी केलं: खायच्या द्राक्षांचे बेदाणे घातले. शेडवर जागा मिळायलाही रांग. एका रात्री त्यांचा फोन आला. पंतप्रधान किसानचे दोन हजार जमा झाल्याचा मेसेज आला होता.

"कोरोनाची मदत म्हणून?" मी विचारलं.

"आगं कसली मदत. वर्षाचं सहा हजार ठरल्यालं हाय, त्यातला हप्ता लवकर टाकला. द्यायचंच व्हतं ते दिलं." मग हसले. "पर आलं ते बरं झालं. गेल्या टायमाला नावात वेलांटी चुकली म्हणून अडकलं व्हतं."

सातबाऱ्यावर ऱ्हस्व, आधारवर दीर्घ. त्या एका वेलांटीसाठी ते चार वेळा तालुक्याला गेले होते.

जुलैत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं सरकारनं काय दिलं का न्हाई?" मी डॉलरचे रुपये मनात करून बसले होते, वीस लाखांच्या घरात जात होते. मी म्हटलं, "दिलं की थोडं." आबा म्हणाले, "मग झालं." चारशे एकरांचा खर्च, फीडमिल, कर्ज हे सगळं समजावून सांगता आलं असतं. आबा शेतकरी आहेत, त्यांना कळलं असतं. तरी सांगितलं नाही. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप नावाची एक संस्था अमेरिकेत कोणत्या शेतकऱ्याला किती सरकारी पैसा मिळाला ते नावानिशी इंटरनेटवर टाकते. आमच्या गावातले लोक एकमेकांचे आकडे तिथे बघतात आणि रविवारी चर्चमध्ये भेटल्यावर बघितलं नाही असं दाखवतात. आबांना इंग्रजी येत नाही याचं मला त्या महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

१० ऑगस्टला दुपारी वादळ आलं. डेरेचो म्हणतात त्याला, सरळ रेषेत धावणारा वारा, शेकडो मैल. पाऊण तासात पुरुषभर उंच मका जमिनीवर झोपला. एक रिकामी बिन उडून शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये जाऊन बसली, चुरगळलेल्या पेप्सीच्या डब्यासारखी. वीज गेली ती आठवडाभर. डुकरांच्या पंख्यांसाठी जनरेटर आणि जनरेटरसाठी डिझेल, त्याहून दुसरा विचार नव्हता. वीज आली तेव्हा कळलं की वादळाच्या दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनहून जाहीर झालं होतं, उरलेले २० टक्के सगळ्यांना आपोआप देणार. ६,५४२ डॉलर. कोरोनाचे पैसे, पण आमच्या डोक्यात ते कायमचे वादळाचे पैसे झाले.

सप्टेंबरात दुसरी फेरी. या वेळी डुकराला २३ डॉलर, आणि १६ एप्रिल ते ३१ ऑगस्टमधला कोणताही दिवस. फोनवर त्याच बाई. "तारीख?" सासरे म्हणाले, "आठ मे." त्या म्हणाल्या, "मला वाटलंच." मक्याचा हिशेब मात्र पेरलेल्या एकरांवर होता, काढलेल्या नाही. आडवा झालेला मकाही पेरलेला होताच. एकरी ४४ डॉलरच्या आसपास पडले. पहिल्या फेरीत उभ्या बिनमधला बराचसा चांगला मका मोजला गेला नव्हता, दुसऱ्या फेरीत जमिनीवर कुजत चाललेला मोजला गेला.

जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या नव्या सरकारने मार्चमध्ये एकरी आणखी २० डॉलर जाहीर केले. न मागता ८,००० जमा झाले. तोवर मका पाच डॉलरच्या वर गेला होता आणि कत्तलखान्यांना डुकरं कमी पडत होती. २०२० मध्ये अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना सरकारकडून सगळ्या योजना मिळून ४५ अब्ज डॉलरहून जास्त मिळाले, त्याआधी कधीच इतके नव्हते. जेव्हा घेणारा नव्हता तेव्हाचा प्रत्येक दिवस मला आठवतो, आणि हे शेवटचे आठ हजार कोणत्या दिवसाचे ते आजही सांगता येत नाही. परत मात्र केले नाहीत.

२०२१च्या शरद ऋतूत, मका काढणी ऐन भरात असताना, पत्र आलं. पडताळणीसाठी आमचा अर्ज निवडला गेला होता. ८ मे २०२० ला १,१४० डुकरं होती हे दाखवा.

विक्रीच्या पावत्या होत्या, पिल्लांच्या ट्रकची बिलं होती, फीडमिलचे ट्रक किती आले ते होतं. बेरीज-वजाबाकी करून १,१४३ येत होते. मी तीनदा केली. तीन डुकरं जास्तच. संध्याकाळी सासरे कापणीयंत्रावरून उतरून आले, अंगभर मक्याचा भुसा. मी सांगितलं. त्यांनी न बोलता ड्रॉवर उघडला. रबरबँड लावलेल्या बारा-पंधरा वह्या, सगळ्या शर्टाच्या खिशाच्या मापाच्या. २०२०ची काढली. ८ मेच्या पानावर पेन्सिलीने, त्यांच्या ठेंगण्या अक्षरात: पाऊस, अर्धा इंच. गाडी नाही. ११४३. त्यातला तीन खोडून शून्य केलेला, आणि बाजूला, "३ मेली, ट्रॅक्टर शेड."

मी फोटो काढला आणि पाठवून दिला.